बाबा कायम शेवटी चालायचे

करवंदाची जाळी

बाबांना जाऊन पाच महिने होतील. मेच्या शेवटच्या आठवड्यात गेले. यंदा पाऊस मेमध्येच आला, स्मशानातून परतताना आम्ही सगळे चिंब भिजलो होतो. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, पण हात उचलत नव्हता. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, तरी आईने साफसफाई काढलीच. काल माळ्यावरून बाबांची सॅक खाली आली. बाहेरच्या कप्प्यात टेलिफोनच्या वायरचे वीत-वीतभर तुकडे निघाले, रंगांप्रमाणे जुड्या करून रबर लावलेले. निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी, राखाडी. ते हातात घेतले आणि लिहायला बसले.

बाबा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. १९७४ साली लागले, २०१२ साली निवृत्त झाले. रस्त्याखालच्या मॅनहोलमध्ये उतरायचं, तारांच्या शेकडो जोड्या रंगांवरून ओळखायच्या आणि एकेक जोडत बसायचं, हे त्यांचं काम. आम्हा दोघा भावंडांना पाढ्यांच्या आधी तो रंगांचा क्रम पाठ झाला होता. पावसाळ्यात मॅनहोलमध्ये पाणी शिरलं की केबल भिजायची, अख्ख्या आळीचे फोन बंद पडायचे आणि बाबा रात्री-अपरात्री घराबाहेर. त्यामुळे सगळं पुणं जेव्हा पावसात डोंगराकडे धावायचं तेव्हा बाबा खड्ड्यात असायचे. त्यांचे डोंगर दिवाळीनंतर सुरू व्हायचे आणि करवंदं संपली की थांबायचे.

त्यांनी मला पहिल्यांदा नेलं ते राजगडला, १९८८ च्या डिसेंबरात. मी सात वर्षांची. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट. शेवटच्या कातळावर माझे पाय लटपटायला लागले. बाबा बरोबर माझ्याखाली उभे राहिले. म्हणाले, "वर बघू नको, खाली बघू नको. माझ्या हातावर पाय दे." खरंच त्यांच्या तळहातावर पाय देऊन मी तो टप्पा चढले. रात्री पद्मावतीच्या देवळात झोपलो. दाराशी वारा लागायचा, तिथे बाबा आडवे झाले. मला लघवीला लागली म्हणून मध्यरात्री बाहेर घेऊन आले आणि तिथेच मृग नक्षत्र दाखवलं. तीन ठिपक्यांचा बाण, त्या रेषेत खाली व्याध. पश्चिमेला तोरणा नुसता काळा दिसत होता. आज चाळिशी ओलांडली तरी थंडीत आकाशाकडे बघितलं की मी पहिल्यांदा तो बाणच शोधते.

आता मुद्द्याचं. बाबा कायम शेवटी चालायचे. त्यांच्या ग्रुपमध्ये वाट त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नसायची, तरी पुढे दुसऱ्याला पाठवायचे. ढोरवाटांचा गुंता असला की प्रत्येक फाट्यावर, आपण आलो त्या वाटेच्या फांदीला वायरचा तुकडा बांधायचे. परतताना सगळे पुढे गेले की तोच तुकडा सोडून खिशात टाकायचे. डोंगरात आपली खूण मागे राहता कामा नये, शिवाय दुसऱ्या कुणाची त्या खुणेवरून वाट चुकेल, असं त्यांचं म्हणणं. आणि अधूनमधून माणसं मोजायचे. तोंडाने नाही, नुसती हनुवटी हलायची. आम्ही लहानपणी त्यांची नक्कल करायचो.

१९९६ च्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीने उतरत होतो. चौदा जण होतो. खिंडीच्या वर एका मुलाचा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. खुबी फाट्यावरची संध्याकाळची एसटी चुकली तर रात्र रस्त्यावर, म्हणून पुढारपण करणारे गृहस्थ म्हणाले, आपण निघू, हे दोघे येतील मागून. सोमवारी माझी परीक्षा होती. मी पंधरा वर्षांची, पुढच्यांबरोबर निघाले. बाबांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "जा. पण मग मागे कितीजण राहिले ते लक्षात ठेव." मी शंभर पावलं गेले असेन, नसेन. परत फिरले. त्या मुलाला आम्ही दोघांनी आधार देत खिरेश्वरपर्यंत आणलं तेव्हा अंधार पडून तीन तास झाले होते. पुढे भाजीच्या टेंपोत बसून आळेफाट्यापर्यंत आलो.

आळेफाट्याला एक पीसीओ उघडा होता. बाबांनी घरचा नंबर फिरवला, दोन वेळा घंटा वाजू दिली आणि ठेवून दिला. ही त्यांची आणि आईची खूण. दोन घंटा म्हणजे "उतरलो, सगळे आहोत." पैसे पडत नाहीत. दर ट्रेकला आई रविवारी संध्याकाळपासून फोनजवळ काहीतरी निवडत बसायची. त्या रात्री साडेबारापर्यंत ती तशीच तिथे बसून होती.

घरीसुद्धा त्यांचं तेच. झोपण्याआधी दार लावताना दाराशी काढलेल्या चपला बघायचे. आमच्या लक्षात यायला फार वर्षं लागली की ते चपला मोजतायत. भाऊ इंजिनिअरिंगला होता तेव्हा अकरा-बारा वाजता यायचा. कधी रागावले नाहीत. फक्त दाराची वरची कडी लावायची ठेवायचे आणि बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. त्याच्या चपला दाराशी दिसल्या की दिवा घालवायचे.

शेवटची चार वर्षं गुडघ्यांनी दगा दिला. चढणं संपलं. मग संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, रात्री वरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा लाल दिवा. "लागला का गं दिवा?" हे त्यांचं रोजचं. दिसायचं त्यांना, पण कुणीतरी सांगितलेलं आवडायचं.

ते गेल्यावर सहा-सात आठवड्यांनी, ११ जुलैला, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आल्याची बातमी आली. भावाने बाबांच्या वह्या काढल्या आणि आम्ही यादी ताडून बघितली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. सगळे झालेले, तारखांसकट. होडी लागायची त्यांना, तरी हर्णैहून आणि मालवणहून गेले होते. खांदेरीच्या पानावर लिहिलंय, "दगड भांड्यासारखा वाजतो. मुलांना दाखवायला हवा." एकच राहिला, जिंजी. तमिळनाडूत असल्यामुळे दोन रविवारांत बसत नव्हता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांच्या एकवीस वह्या आहेत, त्यांचं काय करावं? आणि जिंजीला कुणी गेलं आहे का? आईला न्यायचं मनात आहे. ती ६९ वर्षांची आहे.

तुमच्याही घरात असं कुणी असेल तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.


घाटवाट

वाचता वाचता दोनदा थांबलो. शेवटी चालणारा माणूस काय असतो हे ज्याने दोन-चारदा ग्रुप नेलाय त्यालाच कळतं. पुढच्याला वाहवा मिळते. मागच्याला दमलेल्याची सॅक मिळते, रडवेल्याची कुरकूर ऐकावी लागते आणि पाणी कुणाचंच उरलेलं नसतं.

वायर काढून घ्यायची सवय फारच मोलाची. आज घाटवाटांवर रंगाचे बाण, प्लास्टिकच्या फिती, काय काय दिसतं. मढे घाटाच्या वरच्या अंगाला एका फाट्यावर तीन वेगवेगळ्या ग्रुपचे तीन दिशांना बाण पाहिलेत मी.


दगडफूल

तुमच्या बाबांना नमस्कार. एक सुचवू का? पहिल्या वर्षश्राद्धाला राजगडावर त्यांच्या नावाने झाड लावा. आम्ही काकांसाठी एका किल्ल्यावर लावलं होतं. अस्थींचा थोडा भागही तिथेच मातीत मिसळला.


सोनकी

दगडफूल, भावना पोचली, तरी आग्रहाने सांगते, गडाच्या माथ्यावर झाडं लावू नका. वनस्पतींचं काम करते म्हणून हे बोलायला धजते. आपल्याला जे उजाड पठार वाटतं तो सडा असतो. कातळावर बोटभर माती, त्यात पावसाळ्यात तेरडा, सोनकी, आभाळी, कुठे कंदीलपुष्पं. जमिनीवरचं त्यांचं सगळं आयुष्य चार महिन्यांचं. तिथे खड्डा खणला की ती बोटभर मातीही जाते. आणि लोक लावतात काय, तर गुलमोहर नाहीतर गिरिपुष्प. दोन्ही परदेशी. मे महिन्यात तिथे पाणी कोण घालणार?

लावायचंच असेल तर पायथ्याच्या गावात, शाळेच्या आवारात किंवा कुणाच्या बांधावर, त्या घराला विचारून लावा. जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा. ज्याची फळं गावाला मिळतील असं.

करवंदाची जाळी, तुमचं टोपणनाव आज कळलं.


दगडफूल

खरं सांगतो, आम्ही लावलेलं झाड जगलं नाही. पुढच्या वर्षी गेलो तर काठीसुद्धा नव्हती. काकूंना अजून सांगितलेलं नाही.


करवंदाची जाळी

दगडफूल, वाईट वाटलं वाचून. काकूंना सांगा. लपवलेलं त्यांना बहुतेक ठाऊक असेलच.

अस्थींचा विषय आमच्याकडेही निघाला होता. भावाची इच्छा होती हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून सोडायच्या. बाबांची सगळ्यात लाडकी जागा ती. आईने एका वाक्यात विषय संपवला. "खाली बेलपाड्याची माणसं ते पाणी पितात." आळंदीला गेलो. बाबाही हेच म्हणाले असते असं भाऊ नंतर स्वतःच म्हणाला.


सुगरण

तुमच्या लिहिण्यात बाबा खूप जिवंत उभे राहिलेत, म्हणूनच विचारावंसं वाटतं. रागावू नका. बाबा डोंगरात असताना रविवारी संध्याकाळी फोनशेजारी बसलेली आई मला जास्त दिसत राहिली. दोन पोरं, पाणी भरणं, सासू-सासरे असतील तर तेही, आणि नवरा सुट्टीच्या दिवशी डोंगरात. आमच्या घरी असंच होतं. वडिलांना मासेमारीचा नाद, गळ घेऊन खाडीवर जायचे. सगळे म्हणायचे, काय हौशी माणूस! आईला हौस आहे का, हे कुणी विचारलं नाही. तुमच्या आईचं काय होतं?


करवंदाची जाळी

सुगरण, अजिबात रागावले नाही. उलट हे मीच आधी लिहायला हवं होतं.

सुरुवातीची वर्षं तुम्ही म्हणता तशीच होती. दर रविवारी बाबा नाहीत. आजी अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं आईच्या अंगावर. १९९३ च्या एका शनिवारी रात्री बाबा सॅक भरत होते आणि आईने तिची पिशवी भरायला घेतली. काही बोलली नाही. दोन लुगडी, डबा, बॅटरी. बाबांनी विचारलं, कुठे? म्हणाली, "मीपण जाते उद्या. तुम्ही बघा आईंचं." आणि खरंच गेली, पहाटेच्या गाडीने मामाकडे सासवडला. बाबा त्या दिवशी घरी राहिले. आजीची अंघोळ, औषधं, आमचं जेवण, सगळं एकट्याने केलं. भात करपला होता तेही आठवतंय.

त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा आल्या. पहिला आणि तिसरा रविवार डोंगर, दुसरा आणि चौथा घर. हे "दोन रविवार" मी वर लिहिले ते हेच. निवृत्तीपर्यंत मोडले नाहीत. घरचा रविवार म्हणजे आजीला बाबाच बघायचे, आणि आई झोपायची नाहीतर मैत्रिणींकडे जायची. माझ्या आठवणीत बाबांनी आजीची वेणी घातलेली आहे. फार सैल घालायचे, आजी चिडायची.

आजी गेल्यावर, १९९७ मध्ये, आई पहिल्यांदा राजगडावर आली. वयाच्या ४१ व्या वर्षी, पातळ नेसून, पायात हंटर बूट. पुढे तिचं डोंगराचं वेड निराळ्याच वाटेने गेलं. तिला किल्ल्यात फारसा रस नव्हता, पायथ्याच्या बायकांत होता. कोणती रानभाजी कधी, कशी करायची, ते ती त्यांच्याकडून शिकली. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, ती घशाला खाजतात म्हणून काकडं (आंबट रानफळं) घालून शिजवायची. मग टाकळा, भारंगी, कुर्डू. पाचनईच्या एका मावशींशी तिचं इतकं जमलं की दर दिवाळीला साडी जाते आणि तिकडून तांदूळ येतो. बाबा गेल्याचं कळल्यावर त्या एसटीने एकट्या पुण्याला आल्या. घर शोधत शोधत. बाबांनी म्हणे त्यांच्या पाड्यातल्या एका मुलीला अंगावर उचलून राजूरच्या दवाखान्यात पोचवलं होतं. आम्हाला बाबांनी हे कधी सांगितलं नाही. वहीतही नाही.


उत्तरवारा

मी एरवी फक्त वाचतो. आज लिहितो.

माझे वडीलही डोंगरातले. पण ते पुढे चालणारे. मोठ्या मोहिमा, दोरखंड, हिमालय. पेपरात नाव यायचं. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते हिमाचलात होते. बारावीच्याही. ते आता ७६ वर्षांचे आहेत, एकटे राहतात, महिन्यातून एकदा मी जातो. भिंतीवर शिखरांचे फोटो आहेत. आमचा एकच आहे, तोही बारशाचा.

तुमचं वाचून हेवा वाटला. राग नाही, हेवा. डोंगराचं वेड सगळ्यांनाच तसं निभावता येत नाही.


करवंदाची जाळी

उत्तरवारा, काय लिहू कळत नाही. मी तुमच्या जागी असते तर माझ्याही मनात गाठ राहिलीच असती.

एक विचारते, त्यांच्याबरोबर कधी चालला आहात का? मोहीम वगैरे नाही, असंच. पर्वती, तळजाई. या वयात ते हळू चालत असतील. तुम्ही मागे राहा.


मुख्य केबल

मी त्याच खात्यात होतो, मुंबईत. आता निवृत्त. तुमचे वडील जॉइंटर होते म्हणालात, म्हणून चार ओळी.

जॉइंटर म्हणजे काय हे आजच्या मुलांना कळणार नाही. एका कागदी केबलच्या जोडावर माणूस तास न् तास वाकून बसायचा. कागदाला दमट हवा चालत नाही, म्हणून खाली शेगडी पेटवून कोरडं करत राहायचं, मग शिशाची बाही चढवून डाग द्यायचा. एक जोडी चुकली तर एकाचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजायचा. हे काम घाईचं नव्हेच. ज्याच्या अंगात हे मुरलं तो डोंगरातही शेवटीच चालणार, मला यात नवल वाटलं नाही.

आणि ती दोन घंटांची युक्ती. आमच्याकडे निम्म्या स्टाफची बायकोशी अशीच खूण असायची! त्या काळात फोनसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत असायचे आणि आमच्या घरी खात्याचा फोन म्हणून सगळी चाळ आमच्याकडे यायची. तुमच्याकडेही येत असणार.


करवंदाची जाळी

यायची तर! आईने फोनशेजारी एक वही ठेवली होती, कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते लिहायला.


पाणवठा

वह्यांबद्दल. त्यांत नेमकं काय आहे? नुसत्या तारखा, का आणखी काही?


करवंदाची जाळी

तारीख, कोण कोण होतं (सगळ्यांची नावं, येताना आणि जाताना दोन्ही वेळा), एसटीचं भाडं, पायथ्याला कुणाकडे जेवलो. आणि पाणी. प्रत्येक गडावर कुठलं टाकं, त्या दिवशी किती पाणी, पिण्याजोगं की नाही. टाक्याच्या भिंतीवर किती वीत खाली पाणी आहे तेही. १९७९ ते २०२१.


पाणवठा

ताई, हे सोनं आहे. मी पाण्याचं काम करतो, म्हणून सांगतो. सह्याद्रीतल्या गडांवरची टाकी ही कातळात खोदलेली, बहुतेक पावसाच्या पाण्यावर भरणारी, काहींना आतून झरा. कुठलं टाकं मार्चमध्ये आटतं आणि कुठलं मेमध्येही भरलेलं असतं, यावरून कातळातून पाणी कसं फिरतं याचा अंदाज येतो. पण एका माणसाने, एकाच वितीने, चाळीसहून जास्त वर्षं मोजलेलं मला कुठे मिळालेलं नाही. मला कुणी दिलं तर मी नोकरी सोडून त्यावर बसेन.

कृपा करून मूळ वह्या कुणाला देऊ नका. आधी प्रत्येक पान स्कॅन करा, चांगल्या उजेडात, वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक टाकून. मग पाण्याच्या नोंदी वेगळ्या एका तक्त्यात उतरवा: गड, टाकं, तारीख, पातळी. आणि एक महत्त्वाचं, बाबांची वीत किती सेंटिमीटरची होती?


करवंदाची जाळी

हे वाचून मी आईला विचारलं. ती आत गेली आणि बाबांचा जुना स्वेटर घेऊन आली. त्यांच्यासाठी विणताना ती मापं त्यांच्याच वितीने घ्यायची, आणि तिच्या विणकामाच्या वहीत लिहिलेलं आहे. २३ सेंटिमीटर.

बराच वेळ आम्ही कुणीच काही बोललो नाही.


पाणवठा

स्कॅनिंगला मी येतो. शनिवार-रविवार. पहिला-तिसरा, दुसरा-चौथा, कुठलाही.


सॅन होजेची पाखरं

अमेरिकेतून लिहितेय. माझे बाबा साताऱ्याला, ७८ वर्षांचे. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात आणि वरून मला व्हिडिओ कॉल करतात, माझी तेव्हा संध्याकाळ असते. मी बहुतेक वेळा "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापते. आज नाही कापला. पंचवीस मिनिटं ते वरचं धुकं दाखवत होते. काहीच दिसत नव्हतं खरं तर.


तिंडिवनम

जिंजीचं मी सांगतो. आम्ही चेन्नईत पंधरा वर्षं आहोत, तीनदा गेलोय. तिंडिवनमवरून तिरुवन्नामलैच्या रस्त्यावर लागतं, गाडीने तिंडिवनमपासून तासाभरात. एक किल्ला समजून जाऊ नका, तीन डोंगर आहेत: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग. तटबंदी तिघांना कवेत घेते. मराठी माणसाने पाहण्यासारखा मुख्य तो राजगिरी. महाराजांनी दक्षिण मोहिमेत १६७७ मध्ये घेतला आणि नीट बांधून काढला. पुढे रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिथून निसटून इथेच येऊन राहिले. मोगल सरदार झुल्फिकारखान १६९० पासून वेढा घालून बसला होता, किल्ला पडला १६९८ ला. सात वर्षांहून जास्त! तोवर राजाराम महाराज निसटले होते. स्वराज्याची गादी काही वर्षं या तमिळ उन्हात होती, हे तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

राजगिरीला पायऱ्या आहेत, सुमारे ८०० फूट चढ. माथ्याजवळ एक मोठी भेग आहे, तिच्यावरून पूल टाकलाय. ६९ व्या वर्षी अवघड आहे, अशक्य नाही. जमलं नाही तरी पायथ्याचा कल्याण महाल, धान्याची कोठारं, तलाव एवढं बघायलाच अर्धा दिवस जातो. पोंगलनंतर या. मार्चनंतर दगड तापतो. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

यायचं ठरलं तर आमच्याकडे उतरा. हॉटेलचं नाव काढू नका.


करवंदाची जाळी

(जानेवारी)

जाऊन आलो. तिंडिवनम काका-काकूंकडे दोन दिवस राहिलो, काकूंनी निघताना आईची ओटी भरली. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणून आई मागे सरली, तर काकू म्हणाल्या, "मी माहेरवाशिणीची भरतेय." आई रडली. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदाच चारचौघांत रडली.

राजगिरीला पहाटेच लागलो. आई, भाऊ, वहिनी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, माझा नवरा आणि मी. पायऱ्या उंच आहेत, आईचे गुडघे बोलायला लागले. दोन-तृतीयांश चढून एका झाडाच्या सावलीत ती बसली. म्हणाली, तुम्ही जाऊन या, माझा इथपर्यंतच होता. भाऊ थांबतो म्हणाला. तिने त्याला पिटाळलं. मी थांबले.

तासाभराने ते उतरताना दिसले. आई बसल्या जागी हनुवटी हलवत होती. मी बघतेय हे तिला कळलं नाही.

भाचीने वर पुलाजवळ वायरचा नारिंगी तुकडा कठड्याला बांधला होता, आजोबांचा म्हणून. भावाने तिला परत पाठवून सोडायला लावला. ती जरा रुसली. आता तो तिच्या दप्तराच्या चेनला आहे.

पाणवठा, राजगिरीच्या माथ्याखालच्या टाक्याचं पाणी भाऊ बघून आलाय. काठापासून चार विती खाली. त्याची वीत २१ सेंटिमीटर. बाविसाव्या वहीत लिहिलं आहे. तुम्ही रविवारी याल तेव्हा आठव्या वहीपासून सुरू करू, सातवीची शेवटची पानं चिकटलेली होती ती आईने वाफेवर धरून सोडवली आहेत.